ओल्या फडक्याखालची गोदा

खानदेवळीत पुतळ्याकडे कुणी बघितलं नाही, तर पुतळा वाळतो. वैरण तुटलेल्या बैलासारखा आधी बरगड्या दाखवतो, मग खांदे पाडतो. गावाला त्याचं नवल नाही. चौकातले एक माजी नगराध्यक्ष वाळून वाळून आपल्याच कोटातून घसरून गेले, तेव्हापासून जयंतीला नगरपालिका कोटालाच हार घालते.

येसबा कुंभाराला मात्र घोर लागला होता. जन्मभर त्याने मातीचे गणपती केले. बायको गोदा गेली, तेव्हा माती तडकते म्हणून त्याने पहिल्यांदाच दगडाला हात घातला. घडवली ती शेवटच्या आजारातली, कारण तीच डोळ्यांपुढे राहिली होती. आधीच हडकुळी, त्यात घरात बघणारा एकटा येसबा, नि त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गोदा लाटण्याएवढी बारीक झाली. अजून थोडी वाळली असती तर केरात गेली असती.

म्हणून मूर्तिकार मंडळाने नगरपालिकेच्या इमारतीत प्रदर्शन मांडलं. मंडळाचे अध्यक्ष धारप मास्तर म्हणाले, दाखल्यासाठी लोक तिथे तासन्‌तास ताटकळतात, बघतील नाहीतर करतील काय? मास्तर चुकले. ताटकळलेला माणूस खिडकीकडे बघतो, खिडकीतल्या कारकुनाच्या चहाकडे बघतो. दुसऱ्याच दिवशी मास्तरांचा दगडी पैलवान लंगोट सावरताना दिसला.

संध्याकाळी निघताना येसबाने गोदेवर ओलं फडकं टाकलं. मातीचं काम सुकू नये म्हणून टाकतात, तसं. दगडाला त्याचं काय? पण चाळीस वर्षांच्या हाताला कोण शिकवणार. सकाळी फडकं काढायचंही तो विसरला.

झाकलंय म्हणजे काहीतरी आहे, असं रांगेने ठरवलं. एका बाईने कोपरा उचलला, बघितलं नि कुणाला काही सांगितलं नाही. मग काय, सगळी रांगच तिकडून वळली. खिडकीपुढे कुणी नाही म्हटल्यावर कारकूनही येऊन वाकून गेला. दुपारी फडकं तोकडं पडलं. येसबाने घरून चादर आणली. दोन दिवसांनी मंडळाची सतरंजी घालावी लागली.

प्रदर्शन उठलं, तेव्हा गोदा दारातून निघेना. मुख्याधिकारी साहेबांनी शांतपणे तोडगा काढला: आठ दिवस कुणी बघू नये, म्हणजे ती आपोआप दारात मावेल. ‘बघू नये’ अशी पाटी लागली, पाटीपाशी शिपाई बसला. पाटी वाचून शेजारच्या तालुक्यातूनही माणसं आली. शिपाई त्यांच्याकडून चहा घेई नि सतरंजीचा कोपरा धरून उभा राही.

साहेबांनी येसबाला बोलावून घेतलं. "आजोबा, निदान तुम्ही तरी बघू नका."

"साहेब," येसबा म्हणाला, "जिती होती तवा गणपतीच्या गडबडीत तिच्याकडं बघायचं ऱ्हाऊन गेलं. आता न्हाई जमायचं."

साहेबांनी मान डोलावली आणि विषय सभेपुढे ठेवला. दार रुंद करायचा ठराव एकमताने मंजूर झाला.

येसबाने सतरंजी वर केली नि अगदी जवळ जाऊन बघितलं. गाल भरले होते. मनगटात दगडी काकणं रुतत होती. "लग्नात अश्शीच व्हतीस गं," तो म्हणाला.

गवंडी रोज सकाळी येतो. आधी गोदेचं माप घेतो, मग दार मोजतो, आणि जाताना गोदेचं माप पुन्हा घेतो.