मास्तरांचा राहिलेला अर्धा सिनेमा

"भाऊ, तू फक्त सिनेमा लाव. थेटर भरायचं माझ्याकडे लागलं!" यशोधन मास्तर टेबलावर थाप मारून म्हणाले. टेबलावरचा चहा बशीत आला.

मास्तर श्रीवर्धनच्या शाळेतून निवृत्त होऊन आता सुपारीची बाग बघत होते. छातीठोक बोलायची सवय मात्र अजून नोकरीत होती! समोर बसलेला भाऊ गावातल्या एकुलत्या एका थेटरचा मालक. थेटर आपलं नावाला. हल्ली तिथे सिनेमे कमी लागायचे आणि लग्नं जास्त. खुर्च्या भिंतीला सरकवल्या की झाला हॉल!

"मास्तर, कोण आहे त्या सिनेमात?"

"कोणी नाही!"

"म्हणजे रिकामा पडदा बघायचा?"

"अरे, नावाजलेलं कोणी नाही. लग्नात क्लॅरिनेट वाजवणारा एक बँडवाला आहे. जन्म गेला लोकांच्या वराती वाजवण्यात, पण पाहुणा म्हणून पंगतीला कधी बसला नाही. ह्याचं ताट कायम मांडवामागे! सिनेमाचं नावच 'पंगतीबाहेर'. हसून हसून पोट दुखतं रे, आणि मध्येच रुमाल काढावा लागतो. मग मध्यंतराला त्याच्या हातात एक लग्नपत्रिका पडते. पहिल्यांदा त्याच्या नावाची!"

"मग? जातो का तो?"

मास्तरांनी घाईघाईने चष्मा काढला. "शेवट सांगायचा नसतो," ते चष्मा पुसत म्हणाले.

सांगणार कुठून? शेवट त्यांनी पाहिलाच नव्हता! पनवेलला भाचीकडे गेले असताना सिनेमाला बसले आणि मध्यंतराला घड्याळ पाहतात तर शेवटची एसटी सुटायला आलेली. धावत गाडी पकडली, पण जीव अडकला थेटरात. पुढच्या आठवड्यात पुन्हा पनवेल गाठलं, तर सिनेमा उतरलेला. मोबाइलवरही कुठे सापडेना. जेवायला बसलं की मास्तरांना तो बँडवाला आठवायचा. गेला असेल का तो? कोणी बसवून घेतलं असेल का? उरलेला अर्धा सिनेमा बघायचा तर तो श्रीवर्धनला आणणं हा एकच मार्ग होता. आणि अर्धवट पाहिलेल्या सिनेमाची शिफारस कोण ऐकणार? म्हणून ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती.

"रविवारी मुहूर्त नाही, हॉल रिकामाच आहे. लावतो," भाऊ म्हणाला. "पण माणसं जमली नाहीत तर सुरूच करणार नाही, आधीच सांगतो."

मास्तरांनी गावाच्या ग्रुपवर लांबलचक निरोप टाकला. उत्तरादाखल आले नुसते अंगठे! अंगठे काही खुर्चीत बसत नाहीत. मग त्यांनी डोकं लढवलं. आपल्याकडे दारात येऊन, हातावर सुपारी ठेवून केलेलं आमंत्रण कोणी मोडत नाही. सुपारीला तर तोटा नव्हता! मास्तरांनी पिशवी भरली, इस्त्रीचा सदरा चढवला आणि निघाले.

पहिलं घर चंद्राबाईंचं. चंद्राबाईंना एक गोष्ट सांगितली की गावात दवंडी पिटायची गरज नसे.

"रविवारी सकाळी भाऊच्या थेटरात यायचं. सहकुटुंब!" मास्तरांनी सुपारी ठेवली.

"अगो बाय! काय हाय वं मास्तर?"

"ते आत्ता सांगणार नाही. पण पोटभर हसाल आणि जाताना डोळे पुसाल!"

चंद्राबाईंनी हातातली सुपारी पाहिली. मास्तरांचा सदरा पाहिला. मग भिंतीआडच्या जावेला हाक मारली, "ऐकलंस का? मास्तरांच्या लेकीचं, क्षिप्राचं लगीन ठरलं!"

मास्तर तोवर पुढच्या आळीत पोचले होते.

"पर रविवारी मुहूर्त कुठं हाय?" जावेने विचारलं.

"नवरा परदेशी जानारा असंल! घाईचं काम!"

संध्याकाळपर्यंत नवरा परदेशी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला तिथे बंगला मिळाला. आणि मास्तर ज्या ज्या दारात गेले तिथे "येणार, येणार! तुमच्या घरचं कार्य आणि आम्ही येणार नाही?" असं ऐकून त्यांची छाती फुगत होती. कलेची एवढी कदर ह्या गावात!

"अहो," शनिवारी त्यांची बायको अनुसूया म्हणाली, "चंद्राबाई विचारत होती, हाताखाली किती बायका पाठवू? कशाला हो?"

"टाळ्या वाजवायला! आता बघच तू!"

रविवार उजाडला. मास्तर थेटरच्या दारात उभे राहिले आणि बघतच राहिले. पैठण्या! फेटे! अत्तराचा घमघमाट! बुधाजीचा टेंपो शेजारच्या वाडीची माणसं घेऊन आला, त्यावर झेंडूच्या माळा. तिकीटखिडकीशी भाऊला घाम फुटला होता. लोक तिकीट मागतच नव्हते, पाकिटं पुढे करत होते. भाऊ व्यवहारी माणूस. त्याने पाकीट घेऊन तिकीट द्यायला सुरुवात केली!

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. पुण्याहून क्षिप्रा.

"बाबा! आज माझं लग्न आहे?"

"कोण म्हणतं?"

"सकाळपासून चौतीस जणांनी अभिनंदन केलंय! मला बोलावलं नाहीत ते ठीक आहे, पण नवरा कोण ते तरी सांगा!"

मास्तरांच्या हातातली सुपारीची पिशवी खाली पडली.

"मास्तर, हॉल खचाखच! सुरू करू?" भाऊने आतून ओरडून विचारलं.

खरं सांगावं तर माणसं उठून जातील आणि सिनेमा गेला! मास्तरांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "कर!"

दिवे गेले. पडद्यावर बँड वाजत वरात निघाली आणि चंद्राबाई ओरडल्या, "आली वरात!" अख्खं थेटर उठून मागे वळलं. मागे दारात मास्तर एकटेच उभे होते. ते हात जोडून घाबऱ्या आवाजात म्हणाले, "बसा, बसा. हे बघा तर आधी. फक्त शेवट कुणाला सांगू नका!"

कुरकुर झाली. पण मग बँडवाल्याने घोडा समजून भलत्याच प्राण्याला सलाम ठोकला आणि बुधाजी असा हसला की पुढची ओळ हलली. हळूहळू सगळंच थेटर हसायला लागलं. मास्तरांच्या जिवात जीव आला.

मध्यंतर झालं. बँडवाल्याच्या हातात पत्रिका पडली, दिवे लागले आणि सगळ्यांच्या माना मास्तरांकडे वळल्या.

"लगीन न्हाय, ते कळलं आमाला," चंद्राबाई म्हणाल्या. "पर सुपारी देऊन बोलावलंत मास्तर. जेवन तरी हाय का न्हाय?"

आता आली का पंचाईत! सुपारी देऊन बोलावलेलं माणूस उपाशी पाठवायचं म्हणजे सात पिढ्यांचं नाक गेलं!

"आहे तर!" मास्तर म्हणाले आणि थेटरमागे धावले. तिथे लग्नांचे स्वयंपाक करणारा अंबाजी आचारी राहायचा.

"आत्ता?" अंबाजी किंचाळला. "वरण, भात, बटाट्याची भाजी, ताक. जिलबी मागू नका! आणि सोलायला कोण?"

सोलायला मास्तर बसले! अनुसूयाही पदर खोचून निघाली होती, पण मास्तरांनी तिला आत पिटाळलं, "निदान तू तरी शेवट बघ!" आत सिनेमा सुरू झाला. भिंतीपलीकडून हशा यायचा आणि मास्तर बटाटा घट्ट धरायचे. मग हशा थांबला. बराच वेळ नुसती क्लॅरिनेट वाजत राहिली, आणि मग तीही थांबली. मास्तरांनी भिंतीला कान लावला. कुणीतरी नाक शिंकरलं, एवढंच ऐकू आलं.

शेवटी दारं उघडली. माणसं बाहेर आली. बुधाजी फेट्याच्या टोकाने डोळे पुसत होता. पानं मांडलेली होती, पण कोणीच बसेना. मास्तर वाढायला वाकले, तशी चंद्राबाईंनी त्यांच्या हातातला डाव काढून घेतला.

"तुमी बसा मास्तर. आधी तुमी."

"अहो, मी यजमान!"

"बसा म्हनलं ना!"

सगळ्यांनी उभं राहून मास्तरांना पहिल्या पानावर बसवलं. मास्तरांना गहिवरून आलं. राहवेना.

"मग तो गेला का हो आत? खरं सांगतो, मी मध्यंतरापर्यंतच पाहिलाय!"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग अख्खी पंगत एका सुरात ओरडली, "शेवट सांगायचा नाही! तुम्हीच म्हणालात!"

"मास्तर, तुमचं खरं निघालं," भाऊ म्हणाला. "पुढच्या रविवारी सकाळी परत लावतो. ही मंडळी हरिहरेश्वर, दिवेआगर सगळीकडे सांगणार आहेत."

"पहिली खुर्ची माझी!" मास्तर उसळून म्हणाले.

"जमायचं नाही," अनुसूया भात वाढत म्हणाली. "रविवारी सकाळी मुरुडची मंडळी क्षिप्राला बघायला येतायत. चंद्राबाईंनी ठरवलं. क्षिप्रा फोनवर म्हणाली, एवढा हॉल भरलाच होता, तर मुलगा बघायला काय हरकत आहे?"

मास्तरांनी कपाळावर हात मारला. मग भातावरच्या वरणाकडे बघत हळूच म्हणाले, "अगं, निदान एवढं तरी सांग. जेवला का तो?"

अनुसूयाने पदराने डोळे टिपले आणि त्यांच्या पानात भाजीचा आणखी एक डाव वाढला.

"तुम्ही जेवा आधी," ती म्हणाली.