सगळ्यांची एकच रजा

"पापणी लवायच्या आत पान उघडलं नाही, तर माझं नाव बदला!" त्याने भर मीटिंगमध्ये ठणकावलं. नाव ऑफिसने केव्हाच बदललं होतं. संगणकातलं आपल्यालाच कळतं असं तो सांगत फिरायचा, म्हणून सगळे त्याला ‘तज्ज्ञ’ म्हणत.

ऑफिसच्या साइटवरचं रजेचं पान इतकं रखडायचं, की आजारपणाची रजा मिळेपर्यंत माणूस ठणठणीत बरा व्हायचा! साहेब म्हणाले, "ते पान पळव, मग बायकोला घेऊन आठ दिवस खुशाल फिरून ये." चार वर्षं लांबलेली सहल! तज्ज्ञाने कंबर कसली. युक्ती सोपी होती. पान दर वेळी नव्याने बनवायचं नाही. एकदा बनवून ‘कॅश’मध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवायचं आणि मागेल त्याला तेच द्यायचं. फक्त ज्याचं त्याचं वेगळं दिसायला हवं, तेवढी जागा मोकळी सोडायची. नेमकं तेच तो विसरला.

आणि पान पहिल्यांदा उघडलं त्यानेच. ‘तुमची रजा मंजूर. सोमवारपासून आठ दिवस.’ स्वारी खूश! त्या दिवशी जो तो येऊन त्याचा हात दाबत होता. टपाल बघणाऱ्या बाईंच्या तर डोळ्यांत पाणी आलं. वेगाची एवढी कदर? तज्ज्ञ हवेतच होता.

सोमवारी बायकोला बॅगांसकट खाली टॅक्सीत बसवून तो ऑफिसची किल्ली द्यायला वर आला. दाराला कुलूप! उघडून बघतो तर आत सत्तावीस रिकाम्या खुर्च्या आणि कोकलणारे सात फोन. तो धावत संगणकाशी बसला. पान त्याने पाच मिनिटांत दुरुस्त केलं. गेलेली माणसं कशी दुरुस्त करणार?

त्याने साहेबांना फोन लावला. "साहेब, घोळ झाला! सगळ्यांना माझीच रजा दिसली!"

"असं होय! तरी म्हटलं, वरच्यांना माझी एवढी दया कशी आली."

"म्हणजे तुम्हीपण? साहेब, परत या ना!"

"आता? माझे पाय समुद्रात आहेत. आणि काय रे, सगळेच एकदम रजेवर गेले तर कसं चालेल? कुणीतरी मागे थांबायलाच हवं."

तेवढ्यात बायको वर आली. त्याने चाचरत सगळं सांगितलं.

"म्हणजे खरी रजा कुणाची मंजूर होती?"

"माझी."

"एकट्याची?"

"एकट्याचीच."

बायकोने रिकाम्या खुर्च्यांवरून एकदा नजर फिरवली आणि जिन्याकडे वळली. "पोचले की फोन करते," ती म्हणाली. "उचलायला तू आहेसच."