सेक्रेटरी कोण नको?

"हात वर करा" म्हटल्याबरोबर मांजलपूरच्या त्या सोसायटीतले सगळे हात वर गेले आणि गजेंद्रराव दिघे खुर्चीतून ताडकन उठले. सेक्रेटरी म्हणून पुन्हा तेच! पाण्याची मोटर, बंद पडलेली लिफ्ट, कुणाच्या स्कूटरला कुणाची गाडी आडवी. रिफायनरीतून निवृत्त झालेला हा माणूस वर्षानुवर्षं या तक्रारींसाठी जेवत्या ताटावरून उठत होता. यंदा काही झालं तरी सुटायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं.

"अहो, मला नको म्हणतोय ना मी!"

"तमे छो ने, पछी शुं चिंता?" शेजारचे मयंकभाई आरामात गुजरातीत म्हणाले. म्हणजे, तुम्ही आहात ना, मग काळजी कसली!

गजेंद्ररावांनी चिडून गुप्त मतदान घेतलं. निकाल तोच. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. कोण हवा असं विचारलं की लोक आयता बकरा पकडतात, तेव्हा कोण नको हेच विचारावं! पुढच्या रविवारी प्रत्येक फ्लॅटने चिठ्ठीवर नको असलेलं एक नाव लिहायचं आणि सगळ्यांत कमी वेळा ज्याचं नाव येईल तो सेक्रेटरी. लोकांना गंमत वाटली. ठराव एकमताने पास झाला.

आता फक्त नकोसं व्हायचं होतं. गजेंद्ररावांनी भर सकाळी मोटर उशिरा सुरू केली, जिन्यातल्या चपला उचलून गच्चीत नेऊन टाकल्या, गरब्याची प्रॅक्टिस ऐन रंगात बंद पाडली. शनिवारपर्यंत लिफ्टमध्ये त्यांच्याशी कोणी बोलेना. इतकं समाधान त्यांना कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

रविवारी ते स्वतः मोजायला बसले. फ्लॅट बायकोच्या नावावर, म्हणून घरची चिठ्ठी वसुंधराबाईंनी लिहिली होती. चिठ्ठ्या उघडत गेल्या तसं प्रत्येकाचं नाव एकेकदा आलं. वरच्या मजल्यावरच्या मोहनाचं दोनदा. गजेंद्ररावांचं एकदाही नाही.

"कुणालाच माझा राग नाही?" ते ओरडले.

"आहे ना, काका! माझ्या नव्या चपला अजून सापडल्या नाहीत," मोहना म्हणाली. "पण हे लचांड गळ्यात पडू नये म्हणून मी माझंच नाव लिहिलं."

"में पण मारूंज लख्युं," मयंकभाई म्हणाले; त्यांनीही स्वतःचंच नाव लिहिलं होतं. बाकीच्यांनीही माना डोलावल्या आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

गजेंद्रराव बायकोकडे वळले. "सगळ्यांच्या घरातून स्वतःचं नाव आलं. मग आपल्या घरातून माझं कुठे गेलं?"

वसुंधराबाईंनी आवाज खाली आणला. "अहो, तुम्ही आठवडाभर सगळ्यांशी भांडत होतात. मला वाटलं, तुमच्या नावाचा तर ढीग पडणार. आणि ती मोहना रोज कुंड्यांचं पाणी माझ्या पापडांवर सोडते. एकच तर मत होतं, ते तुमच्यावर वाया कशाला घालवू?"