उन्हात बिघडणाऱ्या ध्वनिपेट्यांचे प्रकरण

शोवा शकाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली, नोव्हेंबर महिन्याच्या चोविसाव्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, तोक्यो शहराच्या ओगिकुबो भागातील एका दुमजली लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर, आठ चटया मावतील एवढ्या खोलीत, श्रीयुत इसुरुगी सेइजुरो यांनी आपले दोन्ही कान कोमट पाण्याने धुतले, मऊ फडक्याने टिपले आणि जाहीर केले, की गुन्हेगार आज पकडला जाईल.

इसुरुगी कोण, हे त्यांच्या ओळखपत्रावर छापलेले होते, आणि एका बाजूला मावत नसल्यामुळे दोन्ही बाजूंना छापलेले होते. पुढच्या बाजूला ‘ध्वनिपरीक्षक, मासिक निर्मळ नाद’ एवढेच होते. मागच्या बाजूला मात्र ‘नादगुप्तहेर’ असे ठळक अक्षरांत होते आणि त्याखाली दोन ओळी होत्या : ‘जे इतरांना ऐकू येत नाही, ते मला ऐकू येते. जे कोणालाच ऐकू येत नाही, तेही मला ऐकू येते.’ विधात्याने आपल्याला दोन कान दिले ते केवळ लोकांना संशय येऊ नये म्हणून, एरवी एकच पुरला असता, असे त्यांचे मत होते. एकदा एका वाद्यवृंदाची तबकडी ऐकून त्यांनी छापून टाकले होते, की दुसऱ्या व्हायोलिनवादकाने त्या दिवशी नवे बूट घातले होते. त्यावर त्या वादकाचे पत्र आले, की आपण अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत बसून वाजवतो. इसुरुगींनी ते पत्र ‘शिल्लक शंका’ असे लिहिलेल्या खोक्यात जपून ठेवले.

उबुकाता मासाएबाईंना या खोक्याची जागा ठाऊक होती, कारण ते भरण्याचे काम त्यांच्याकडे होते. अकरा वर्षे त्या इसुरुगींबरोबर काम करीत होत्या. त्यांच्याजवळ एक माईक होता, खर्जापासून तारस्वरापर्यंत सरकत जाणारी शीळ घालणारे एक यंत्र होते, आणि त्या शिळेचा चढउतार कागदी पट्टीवर लेखणीने रेखाटणारे दुसरे एक यंत्र होते. बाईंचा विश्वास कागदावर होता. इसुरुगींचा विश्वास इसुरुगींवर होता. ‘निर्मळ नाद’चा नियम असा, की परीक्षणात एका पानावर आलेख, समोरच्या पानावर श्रवणाचे निबंधवजा वर्णन, आणि शेवटी दोन ओळींच्या चौकटीत निर्णय. त्या चौकटीखाली दोघांचेही शिक्के उमटल्याखेरीज मजकूर छापखान्यात जात नसे.

आणि या वेळी अडले होते ते नेमके तिथेच.

परीक्षेला आल्या होत्या कामो गावच्या मिनागावा यांच्या ध्वनिपेट्या. हे मिनागावा सदुसष्ट वर्षांचे. त्यांच्या घराण्यात चार पिढ्या नवऱ्यामुलींसाठी किरी लाकडाच्या कपड्यांच्या पेट्या होत असत. हल्लीच्या नवऱ्यामुली तशा पेट्या नेत नाहीत, म्हणून म्हाताऱ्याने त्याच हलक्या लाकडाचे स्पीकर बनवले. नव्या वर्षाच्या अंकात ‘निर्मळ नाद’ने बरे म्हटले, तर तोक्योचा एक दुकानदार तीस जोड्या घेणार होता. न म्हटले, तर मार्चमध्ये कारखान्याला कुलूप आणि पाच कारागिरांना निरोप. हे सगळे त्यांनी पत्रात एकदाच लिहिले होते, कुंचल्याने, आणि पुढच्याच ओळीत हवामानाची चौकशी केली होती.

सोमवारी लख्ख ऊन होते. पेट्या घागरीत बोलल्यासारख्या घुमल्या आणि आलेखावर खर्जाच्या थोडे वर एक टेंगूळ उठले. मंगळवारी दिवसभर पाऊस होता. त्याच पेट्या अशा गायल्या, की बाईंनी लेखणी उचलून पुन्हा टेकवली, बिघडली तर नाही ना हे पाहायला. आलेख तळहातासारखा सपाट. बुधवारी पुन्हा ऊन, पुन्हा घागर, पुन्हा टेंगूळ. गुरुवार सुटीचा गेला. शुक्रवारी, म्हणजे आज, आकाश निरभ्र होते आणि स्वतः मिनागावा दाराशी, चटईच्या कडेला, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. अकरा वाजता चौथी पट्टी निघाली. टेंगूळ होते.

“खोलीत काडीसुद्धा हललेली नाही,” इसुरुगी म्हणाले. ते खरेच होते. खुर्चीचे पाय, माईकचे तिपाड, चहाची किटली, फुलदाणी, सर्वांभोवती त्यांनी पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा केल्या होत्या. “म्हणजे संशय खोलीवर येत नाही. उबुकाताबाई, मांडणी करू.”

“करा,” बाई म्हणाल्या.

“सिद्धान्त पहिला. उन्हाच्या दिवशी गल्लीतल्या यच्चयावत बायका कपडे धुवायला काढतात. धुलाईयंत्रं वीज ओढतात. उरलेली वीज अशक्त. अशक्त विजेला खर्ज पेलवत नाही!”

“मी विजेचा दाब मोजला. चारही दिवस तोच होता.”

“मोजताना त्या बायकांनी यंत्रं थांबवली असतील.”

बाईंनी वहीत नोंद केली. गेल्या अकरा वर्षांत त्यांनी न हसण्याची एक पद्धत विकसित केली होती. त्या पेन्सिलीला टोक काढत.

“सिद्धान्त दुसरा. किरीचं लाकूड पाणी पितं. पावसात फुगतं, उन्हात सुकतं. काय हो मिनागावा?”

“पितं ना साहेब. पण हे आठ वर्षं अंगणात वाळवलेलं आहे. एका दिवसात पिऊन झिंगण्याचं त्याचं वय गेलं.”

“मग राहिली ही कागदावरची वाघनखं.” इसुरुगींनी पट्टी उजेडात धरली. सोमवार, बुधवार आणि आजच्या रेषेवर मधूनच बारीक, अणकुचीदार ओरखडे होते. “मंगळवारी एकही नाही. मी ते कानांनीही टिपलेत. दबकी थाप. थप, थप, जराशी विश्रांती, थप. पेटीच्या आत कुणीतरी टकटक करतंय!”

“आत कोण मावेल?” बाईंनी विचारले.

“माणूस नाही. यंत्रणा!” इसुरुगी गर्रकन वळले आणि त्यांनी बोट मिनागावांच्या कपाळाच्या दिशेने रोखले. “तुमच्या गावच्या पेट्यांना गुप्त कप्पे असतात, हे खरं की खोटं?”

“खरं.”

“तुम्ही स्वतः गुप्त कप्पे करता?”

“चाळीस वर्षं करतोय. नवरीच्या पेटीत. सासूला सापडू नयेत म्हणून.”

“ऐकलंत? कबुली! उन्हानं कप्पा उघडतो, थप, पावसात मिटतो. या पेट्या फक्त पावसाळी परीक्षणात उत्तीर्ण होण्यासाठी बनवल्या आहेत. उबुकाताबाई, चौकटीत लिहा : ‘या पेट्यांमध्ये लबाडी आहे. ग्राहकांनी सावध राहावे.’ लावा शिक्का.”

मिनागावांनी गुडघ्यावरचे हात उचलून पाहिले, जणू ते कुणा दुसऱ्याचे असावेत, आणि परत ठेवले. मग म्हणाले, “पेटी उघडून बघा साहेब. करवतीनं कापून बघा. एकच जोडी आहे, पण कापा.”

“गुप्त कप्पा कापून सापडला, तर तो गुप्त कसला?” इसुरुगींनी प्रश्न निकालात काढला.

उबुकाताबाईंनी शिक्क्याची डबी हातात घेतली आणि उघडली नाही. “साहेब, तीन पट्ट्यांवर टेंगूळ आहे आणि एकीवर नाही. मला कारण कळल्याशिवाय मी या कागदाखाली माझं नाव उमटवणार नाही. कप्पा असो की भूत.”

“अंक दुपारी दोनला जातो.”

“मग दोनपर्यंत मोजते.”

त्यांनी नवी पट्टी लावली आणि यंत्राला एकामागून एक शिळा घालायला लावले. इसुरुगी खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि दोन्ही तळवे कानांमागे धरून, समुद्राकाठी शिंपला ऐकणाऱ्या माणसासारखे, ध्यानस्थ झाले. या अवस्थेत त्यांना हाक मारायची नाही, दार वाजवायचे नाही आणि विशेषतः खोलीत पाऊल ठेवायचे नाही, असा घरात दंडक होता. तो त्यांच्या पत्नीसाठी होता. घरात दुसरे कुणी नव्हतेच.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आभाळ अचानक काळवंडले आणि छपरावर टपटप सुरू झाली. त्याच क्षणी जिन्यात, मग ओसरीत धावती पावले वाजली, दार सर्रकन सरकले आणि इसुरुगींच्या पत्नी किनुएबाई आत आल्या. म्हणजे एक प्रचंड गादी आत आली आणि तिच्याखाली दोन पाय होते.

“सरका, सरका. भिजतायत!” गादीतून आवाज आला.

त्यांनी एका हाताने भिंतीवरची कागदी सरकदारे लोटली. ती भिंत नव्हती. ते खोलीच्या संपूर्ण लांबीचे, माणूस उभा राहील इतके खोल कपाट होते, आणि पूर्ण रिकामे होते. किनुएबाईंनी गादी आत ढकलली, गेल्या आणि दुसरी आणली. मग तिसरी. त्यांच्या आईची गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी खानावळवजा सराय होती. ती बंद झाली तेव्हा पाहुण्यांच्या अकरा गाद्या आणि अकरा रजया लेकीकडे आल्या होत्या. मिनागावा चौथ्या फेरीला उठले आणि मुकाट्याने हात लावू लागले. उबुकाताबाईंनी लेखणी बंद केली नाही. सगळ्या आत गेल्यावर दारे मिटली आणि भिंत पुन्हा भिंतीसारखी दिसू लागली.

यंत्राने पुढची शीळ घातली. लेखणी खर्जातून वर आली, टेंगळाच्या जागेवर पोचली आणि सरळ पुढे गेली.

“आहा!” इसुरुगी डोळे मिटूनच उद्गारले. “पाऊस सुरू झाला. लाकडानं पाण्याचा घोट घेतला! कप्पा मिटला!”

उबुकाताबाईंनी पट्टीकडे पाहिले, कपाटाकडे पाहिले आणि किनुएबाईंच्या हातातल्या बांबूच्या धोपाटण्याकडे पाहिले. मग अगदी हळू आवाजात विचारले, “वहिनी, सोमवारी गाद्या कुठे होत्या?”

“कुठे म्हणजे? उन्हात. कठड्यावर. असं ऊन पडल्यावर आत ठेवायच्या? कुजतील.”

“आणि मंगळवारी?”

“पावसात कोण गाद्या बाहेर काढतं?” किनुएबाईंनी त्यांच्या तब्येतीची शंका आल्यासारखे पाहिले. “नऊला यांची आन्हिकं चालू असताना काढते, उन्हं उतरली की परत आणते. हे खोलीत असले की मी पाय ठेवायचा नाही ना.”

“आणि धोपटता कधी?”

“अकराच्या सुमाराला. सगळी गल्लीच धोपटते.”

हे सत्य होते, आणि नेमके यामुळेच ते कुणाला ऐकू आले नव्हते. उन्हाच्या दिवशी तोक्योत गाद्या धोपटल्याचा आवाज कावळ्यांच्या आवाजासारखा असतो. तो न ऐकण्याची सवय माणसाला बालपणीच लागते. माईकचे बालपण वेगळे गेलेले असल्यामुळे त्याने तो इमानाने नोंदवला होता.

“पुन्हा बाहेर काढू या,” उबुकाताबाई कुजबुजल्या.

“आत्ता तर आणल्या!”

“ओसरीत नुसत्या. कृपा करा.”

मिनागावांनी तोवर दारे लोटलीसुद्धा होती. सदुसष्ट वर्षांचा तो मनुष्य दोन दोन गाद्या खांद्यावर घेऊन चोरासारखा चवड्यांवर चालत होता, आणि त्याच्या मागून किनुएबाई रजयांचा ढीग हनुवटीखाली दाबून येत होत्या. कपाट रिकामे झाले. यंत्राने शीळ घातली. टेंगूळ उठले, सोमवारचे, तंतोतंत.

इसुरुगींच्या चेहऱ्यावर सूक्ष्म वेदना पसरली. “ऊन पडलं,” ते म्हणाले. “लख्ख. मला लाकूड सुकल्याचं स्पष्ट ऐकू येतंय.”

बाहेर पाऊस छपराला झोडपत होता.

“अहो,” किनुएबाई म्हणाल्या, “डोळे उघडा.”

त्यांनी डोळे उघडले. समोर पत्नी होती, तिच्या कवेत चार रजया होत्या, दाराबाहेर गाद्यांचा डोंगर होता, डोंगरामागे पावसाची झड होती आणि उजवीकडे आपली भिंत ‘आ’ वासून उभी होती. त्यांनी हे सारे क्रमाने पाहिले. चिकटपट्टीच्या खुणाही पाहिल्या. त्या सगळ्या जागच्या जागी होत्या.

“बंद कपाट म्हणजे भिंत,” ते शेवटी म्हणाले, पण आवाजात पूर्वीचा दरारा नव्हता. “तशी माझी व्याख्या होती.”

“कागदाची भिंत,” उबुकाताबाई म्हणाल्या. “आत अकरा गाद्या असल्या, की त्या खर्जाचा जादा घुमारा पिऊन टाकतात. नसल्या, की ते कपाट ढोल होतं. पेट्या चारही दिवस एकच बोलत होत्या. आपण कधी गाद्यांसकट ऐकलं, कधी ढोलासकट.”

मग इसुरुगी उठले, कोट सारखा केला आणि मिनागावांपुढे वाकले. इतके वाकले, की उबुकाताबाईंनी अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा डोक्यावरचा चकचकीत भाग पाहिला.

“तुमच्यावर लबाडीचा आरोप केला, तो मी मागे घेतो,” ते म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तर तो क्षण उदात्त ठरला असता. “अर्थात, गुन्हेगार घरातलाच आहे, हा संशय मला सुरुवातीपासून होता.”

“कालच रात्री म्हणत होते, गादीला काय छान उन्हाचा वास येतोय,” किनुएबाई म्हणाल्या. “शिल्लक शंकेत घाला.”

मिनागावा हसले. ते हसतात हे कुणालाच ठाऊक नव्हते. मग ते परत एकेक गादी आत ठेवू लागले, कडेला कड जुळवून, आयुष्यभर पेट्या भरून पाहिलेल्या माणसाच्या सफाईने.

एक वाजून वीस मिनिटे झाली होती. मंगळवारची आणि आजची अशा दोन्ही सपाट पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून झाल्या. राहिली चौकट. इसुरुगींनी लिहिले : ‘किरीच्या काळजातून पाझरणारा हा नाद ऐकताना पर्जन्यकालीन निर्झराचे, किंबहुना त्याच्याही उगमापूर्वीच्या मौनाचे...’

“दोन ओळी मावतात,” उबुकाताबाई म्हणाल्या.

त्यांनी खोडले. पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले. कानांमागे तळवे धरून पाहिले. मिनागावा दाराशी आपल्या जुन्या जागी बसले होते, हात गुडघ्यांवर, आणि त्या हातांची बोटे हलत होती.

शेवटी उबुकाताबाईंनी ओसरीकडे मान वळवली. तिथे किनुएबाई शेवटची रजई घडी घालीत होत्या. “वहिनी, तुम्ही सोमवारपासून बाहेरून ऐकताय. तुम्हाला काय वाटलं?”

“मला कसलं विचारता? मला कुठे त्यातलं कळतं? तुम्ही लावलेल्या त्या वाल्ट्झ नाचाच्या तबकडीच्या ठेक्यावर धोपटत होते, तेव्हा हात दुखला नाही एवढंच.”

“तरी सांगा.”

उबुकाताबाईंनी लेखणी उचलली आणि दोन्ही शिक्क्यांच्या डब्या उघडून शेजारी ठेवल्या. किनुएबाईंनी रजई कपाटात सारली, तिच्यावर एक शेवटची थाप दिली आणि दार ओढून घेतले.

“पेट्या चांगल्या आहेत,” त्या म्हणाल्या. “खोली आमची वाईट आहे.”