काचेवरील मान्यवर

पुढे काय आहे हे ज्याला वेळेवर कळतं, तो वाहनचालक सहसा दीर्घायुषी होतो. लातूर परिसरातील एका जीपचालक संघाने (सभासद एकसष्ट, पैकी पदाधिकारी चौपन्न) या सत्यावर एकमताने विश्वास ठेवला आणि समोरच्या काचेवर उजेडाची अक्षरं उमटवणारं यंत्र मंजूर केलं.

यंत्र बनवलं अक्षरा नावाच्या तरुणीने. औसा–लातूर जीप चालवणाऱ्या शिवप्पांची ही इंजिनिअर मुलगी. वडिलांना हल्ली तिन्हीसांजेला सावली कुठली आणि जनावर कुठलं ते कळेना, आणि गाडी सोडायचं ते नाव काढेनात. त्या धास्तीनेच तिने हा उद्योग केला. कॅमेऱ्याला काही दिसलं की काचेवर दोनच शब्द येत : ‘पुढे म्हैस’.

संघाला हे फार उघडंबोडकं वाटलं.

“लग्नाची पत्रिका अशी काढताव का आपण?” अध्यक्ष चन्नबसप्पा म्हणाले. “आधी देव, मग थोरली माणसं. एखादं नाव राहिलं की लोक जन्मभर तोंड बघत न्हाईत.”

म्हणणं अगदी रास्त होतं. पत्रिकेत नाव गळालेला चुलता मांडवाबाहेर बसून राहतो आणि जेवत नाही, हा आपला अनुभव आहे. सबब म्हशीच्या आधी कुलदैवत, अध्यक्ष, तीन उपाध्यक्ष (ज्येष्ठ कोण हे ठरायला सात बैठका), मार्गदर्शक, रुसलेले मार्गदर्शक रामलिंगअप्पा सहकुटुंब आणि शेवटी खुद्द चालक, असा क्रम ठरला. प्रत्येकाला दोन सेकंद.

“अन् तवर म्हैस?” अक्षराने विचारलं.

“ती रुसत न्हाई,” चन्नबसप्पा म्हणाले.

चाचणी औशाच्या रस्त्यावर, दिवेलागणीला झाली. काचेवर दुसऱ्या उपाध्यक्षांचं नाव आलं तेव्हाच शेजारी बसलेली अक्षरा ओरडली, “अप्पा, ब्रेक!”

“थांब माय,” शिवप्पा काचेवर नजर लावून म्हणाले, “माझं नाव यायलंय.”

नाव आलं. त्यानंतर ‘पुढे म्हैस’ हेही नियमानुसार आलं, पण तोवर जीप सोयाबीनमध्ये उतरली होती.

एकही नाव न गळाल्याने अहवालात चाचणी यशस्वी ठरली. (रामलिंगअप्पांची अक्षरं बारीक पडल्याची तक्रार विचाराधीन आहे.) अक्षराचा सत्कारही ठेवला होता. ती आली नाही, याबद्दल बैठकीत नाराजी नोंदवण्यात आली.

ती दवाखान्यात होती. शिवप्पांच्या कपाळाला अकरा टाके पडले आहेत. त्यांची चौकशी संघाने केली नाही, आणि वाचकहो, तुम्हीही केली नाहीत. तुम्ही मघापासून म्हैस वाचली की नाही याच विचारात आहात.