स्वयंपाकघर बिनतारी मानक समितीचा अहवाल

कोणत्याही घराचं सुख शेवटी योग्य मानकाच्या निवडीवर अवलंबून असतं. मानक न ठरवताच गाणी ऐकणारी माणसं पूर्वी पुष्कळ होती. ती नुसती आनंदात असत. (शिस्त नव्हती.)

निवृत्त विज्ञानशिक्षक मास्तरांच्या पत्नीला कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "वर्षभरात ऐकू येणं जवळजवळ थांबेल. यंत्राचाही उपयोग नाही. काय ऐकायचं ते ऐकून घ्या." लेकीनं लगेच वायफायवर चालणारा स्पीकर पाठवला. बाईंची मागणी एका ओळीची होती: "भाजी चिरताना जुनी गाणी लागू देत, एवढंच."

एवढंच! मास्तरांनी समिती नेमली. अध्यक्ष स्वतः. सचिव मुलगा. (तो नेटवर्कच्या कंपनीत होता, म्हणून घरचं नेटवर्क कायम बंद.) निरीक्षक, नऊ वर्षांची नात. तिला मास्तरांनी शांतपणे शिकवलं.

"हे बघ बाळा, वायफायचे दोन पट्टे. जुना म्हणजे पोस्टमन, हळू चालतो पण भिंतीपलीकडे पोचतो. नवा म्हणजे धावपटू. भिंत आली की बसलाच."

"गाण्याला धावावं लागतं?"

"छे, गाणं रमतगमत जातं."

"मग आजीला जुनाच लावा की!"

मास्तरांनी तिची पाठ थोपटली आणि सूचना 'बालसुलभ' या सदरात नोंदवली.

सचिवांचं मत पडलं, की सहा महिन्यांत नवं मानक येतंय, थांबावं. ते आलं, तेव्हा त्याच्या पुढचं जाहीर झालं. घरात एक्केचाळीस ठिकाणी मोजमाप झालं. फ्रिजच्या मागे संकेत सर्वोत्तम आढळला. (तिथे बसून भाजी चिरता येत नाही, ही बाईंची मर्यादा.) स्पीकर खोक्यातच राहिला, चाचणीआधी गाणं वाजलं तर मतं दूषित होतात.

"अहो, लावताय ना?" बाई रोज विचारत.

"अगं, मध्ये तीन भिंती आहेत. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं नसतं हे!"

पुढे बाई आठवड्यातून एकदा विचारू लागल्या, मग विचारीनाशाच झाल्या. समितीनं नोंद केली: 'लाभार्थीच्या समाधानात लक्षणीय वाढ.'

अकराव्या महिन्यात एकमतानं ठरलं: जुना पट्टा. स्पीकर ओट्यावर आला. गाणं सुरू झालं, एकदाही न अडखळता. मास्तर श्वास रोखून बघत होते. बाई गवार मोडत होत्या. नातीनं त्यांच्या खांद्याला हात लावून स्पीकरकडे बोट दाखवलं.

"अगंबाई!" बाई कौतुकानं, जरा मोठ्यानंच म्हणाल्या, "दिवा किती छान लागतो याचा! गाणी कधी लावणार?"

मास्तरांनी ओट्यावरच वही उघडली. मग त्यांनी अहवालात शेवटचं वाक्य लिहिलं: 'नेटवर्कमध्ये दोष आढळला नाही.'

अहवालाची प्रत मागेल त्याला मिळेल. तत्पूर्वी, तुमच्या घरी कोणी एका ओळीत काय मागितलं होतं, ते जरा आठवून पाहा. आठवत नाही? हल्ली ते विचारतही नाहीत?

अभिनंदन. समाधान वाढलेलं दिसतंय.