देल्फिनाबाईंचा कायमचा पत्ता

खुर्च्या-टेबलांवर टाकलेल्या चादरी कुणीतरी काढून, धुऊन, वाळवून, जिन्याच्या कठड्यावर घडी करून ठेवल्या होत्या. नवऱ्यासोबत आत शिरताना नोरीन दारातच थबकली. बाहेर बंदरावर धुकं होतं आणि घरात भिजलेल्या लोकरीसारखा वास येत होता.

"दुआर्ते, काल तू परत आला होतास इथे?"

"मी? मी दिवसभर बोट दुरुस्त करत तिच्याखाली आडवा होतो. तूच आली असशील."

"एकटी? तुझी आई जिवंत होती तेव्हासुद्धा मी ह्या घरात एकटी यायला घाबरायचे!"

दुआर्तेने चादरीला हात लावला. इस्त्री नुकतीच फिरवल्यासारखी ती कोमट होती. त्याने पटकन हात मागे घेतला.

दुआर्तेची आई, देल्फिना मेदेरोस, फेब्रुवारीत फ्लोरिडात वारली. तिच्या नवऱ्याने कालवं पकडायच्या बोटी विकून बऱ्यापैकी पैसा मागे ठेवला होता. म्हणून काही वर्षांपूर्वी दुआर्तेनेच हट्टाने आईला फ्लोरिडात फ्लॅट घेऊन दिला, मतदार यादीत तिचं नाव तिकडे घातलं, गाडीचा परवानाही तिकडचा करवला. मॅसॅच्युसेट्समधल्या ह्या घरी ती फक्त उन्हाळ्यात यायची. कारण वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "आई तिकडची ठरली, तर मेल्यावर इथलं राज्य सरकार फक्त इथल्या घरावर आणि घरातल्या सामानावर कर घेईल. इथली ठरली, तर तिकडचा फ्लॅट सोडून बँकेतल्या पैशांसकट सगळं मोजणार. मग हे घर विकल्याशिवाय सुटका नाही. आणि माणूस किती दिवस कुठे राहिला, एवढंच ते बघत नाहीत. शेवटी कुठे परतायचं त्याच्या मनात होतं, ते बघतात."

मनातलं कसं बघणार? तेव्हा निदान दिसणारं तरी ठीक असावं, म्हणून दुआर्तेने आईला पुरलंसुद्धा तिकडेच. बाप मात्र इथे, घरामागच्या टेकडीवर.

आता करखात्याचा माणूस घर बघायला येणार होता. घर सुट्टीपुरतं वाटलं पाहिजे, म्हणून दोघांची धावपळ चालली होती. पण आज आईचा काळा स्वेटर खोक्यात घालून न्यावा, तर उद्या तो खुंटीवर. कपाट रिकामं करावं, तर सकाळी त्यात मीठ, तांदूळ, वाळवलेला मासा. एकदा तर दुआर्ते आत शिरला, तेव्हा स्वयंपाकघरात किटली शीळ घालत होती. त्याने गॅस बंद केला आणि पाठ न वळवता, उलट्या पावलांनी दारापर्यंत आला.

"इल्दामावशीकडे किल्ली आहे," नोरीन म्हणाली. "तिचेच उद्योग असणार."

शेजारची इल्दामावशी म्हणजे देल्फिनाची बालमैत्रीण. ती अंगणात वाफे खणत होती.

"किल्ली आहे रे, पण माझे गुडघे बघ. तुमच्या पायऱ्या मी चढणार आहे का?" ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही भाडेकरू ठेवलाय."

"भाडेकरू?"

"रोज सकाळी खिडकीतून हात करते की. मीही करते. चष्म्याशिवाय मला चेहरा दिसत नाही."

"मग चष्मा घालून बघ ना, मावशी!"

इल्दामावशीने कुदळ खाली ठेवली. "नाही घालत," ती हळूच म्हणाली. "आणि दुआर्त्या, तूही फार बघू नकोस."

करखात्याचे विन्स्लो साहेब यायचे त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं, की दुआर्तेची गाडी गोगलगायीसारखी चालली. पोचायला उशीर झाला. बघतात तर साहेबांची गाडी दारात, दार सताड उघडं. स्वयंपाकघरात विन्स्लो साहेब रुमाल गळ्यात खोचून कोबीच्या पानांचं सूप ओरपत बसले होते.

"या, या!" साहेब म्हणाले. "तुमच्या मावशींनी आग्रहच केला. म्हणाल्या, एवढ्या वाळक्या माणसाला सरकार कामाला लावतंच कसं!"

नोरीनने दुआर्तेचा दंड धरला. "कुठल्या मावशी?"

"काळ्या स्वेटरातल्या. आत्ता परसात गेल्या. देल्फिनाबाईंना जन्मापासून ओळखतात म्हणे."

परसाचं दार आतून बंद होतं. कडी घातलेली. दुआर्तेने ती ओढून पाहिली. "काय... काय सांगितलं तिने?"

"मी सरळच विचारलं, देल्फिनाबाईंना शेवटी परतायचं कुठे होतं? त्या कितीतरी वेळ खिडकीतून टेकडीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'फ्लोरिडात. ऊन छान असतं तिकडे.'"

"एवढंच?"

"इथली आठवण यायची का, तेही विचारलं. 'कशाला येईल? थंडीत हाडं मोडतात इथे. मुलाने तिला तिकडे सुखात ठेवलं होतं,' म्हणाल्या. डोळे पुसत होत्या. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाल्या, कांदा चिरलाय." विन्स्लो साहेबांनी वाटी पुसून काढली. "मेदेरोस, ह्या नोकरीत खोटं बोलणारी माणसं मी रोज बघतो. ही बाई त्यातली नव्हे."

साहेब गेले. दुआर्ते तिथेच बसून राहिला. पातेल्यातून अजून वाफ येत होती. नोरीनने त्याला वाटीभर सूप वाढलं, पण चमचा तोंडापर्यंत नेणं त्याला जमेना.

निकाल हवा तसा लागला. देल्फिना मेदेरोस फ्लोरिडाची रहिवासी ठरली. घरापुरता कर भरला आणि घर वाचलं.

आणि त्या दिवसापासून घर गप्प झालं. किटली वाजेना. खोक्यातला स्वेटर खोक्यातच राहिला. खिडकीत कुणी दिसत नाही म्हणून इल्दामावशी दुपारपर्यंत दारात उभी राहू लागली. नोरीनने तर एकदा चादरी मुद्दाम चुरगाळून जमिनीवर टाकल्या. आठवड्याने येऊन पाहिलं, तर त्या तशाच पडलेल्या. ती भिंतीला टेकून मुसमुसून रडली. सासूसाठी ती पहिल्यांदाच रडत होती.

दुआर्तेने जिन्याखाली उभं राहून हाक मारली, "आई! कागदपत्रं झाली सगळी. आता ये तू!"

वरून नुसता गारठा खाली उतरला.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये फ्लोरिडाच्या इमारतीतून व्यवस्थापकाचा फोन आला. फ्लॅट अजून विकला गेला नव्हता.

"मिस्टर मेदेरोस, तुमच्या गॅलरीत कपडे वाळत असतात. आमच्याकडे सक्त मनाई आहे."

"फ्लॅटला तर कुलूप आहे."

"तेच तर! मी बेल वाजवली, तर एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं. मी म्हटलं, बाई, तुम्ही कोण? तर मलाच फैलावर घेतलं. म्हणाल्या, 'मी इथली कायमची रहिवासी आहे. सरकारी माणसाला तोंडावर तसं सांगून आलेय. आता शब्द फिरवला, तर माझ्या पोराचं घर जाईल.'" व्यवस्थापकाचा आवाज उतरला. "साहेब, खरं सांगू? दिवसभर उत्तरेकडे तोंड करून बसलेल्या असतात. मला बघवत नाही. काय सांगू त्यांना?"

फोन स्पीकरवर होता. नोरीनने त्याच्या हातातून फोन घेतला.

"त्यांना म्हणावं, सुनेने वकिलाला विचारलंय," ती म्हणाली. "इथे कायमचं राहायला मनाई असली, तरी उन्हाळ्यात पाहुणी म्हणून आलेलं कायद्याला चालतं."